वहीतले चार मिलिमीटर

मेस्त्रींनी वेज पाण्यातून काढला, ऐरणीवर धरून हातोडीचा एक ठोका दिला आणि त्यातला एक तुकडा न बोलता माझ्या हातात ठेवला. टोकाकडचा भाग पांढरा होता. पट्टी लावून बघायची गरज नव्हती, तरी लावली. 9 मिलिमीटर.

फाउंड्रीत काम न केलेल्यांसाठी थोडं सांगतो. भट्टीतलं लोखंड साच्यात ओतण्याआधी आम्ही त्याचा पाचरीच्या आकाराचा एक छोटा तुकडा ओतून घेतो. त्याला सगळे वेजच म्हणतात. पाचरीचं टोक पातळ असल्यामुळे ते पटकन गार होतं. तिथं कार्बनला ग्रॅफाइट व्हायला वेळ मिळाला नाही, तर तो लोखंडाशी कार्बाइडच्या रूपात जखडला जातो आणि तेवढा भाग पांढरा दिसतो. या पांढऱ्या भागाला चिल म्हणतात. आमच्या ग्रेडला 3 ते 4 मिलिमीटर चिल ठीक. त्याच्या वर गेलं की कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या भागाच्या, पातळ कडा काचेसारख्या कडक आणि ठिसूळ होतात. मशीनवर चढवलं की टूलच्या टिपा उडतात. आमचं कास्टिंग ट्रॅक्टरच्या ब्रेकचं हाउसिंग (बाहेरचं कवच) होतं, म्हणजे प्रश्न फक्त टिपांचा नव्हता.

तो रविवार होता. कोल्हापुरात कारखान्यांना सुट्टी सोमवारी, त्यामुळे रविवारी ओतकाम जोरात असतं. भट्टीत 500 किलो रस 1450 अंशाला तयार होता. साच्यांचे 28 बॉक्स बंद करून ओळीनं मांडले होते. साचे करणारी मोल्डर पोरं लॅडलच्या (रस वाहून आणायच्या पात्राच्या) वाटेकडे बघत उभी होती. पुण्याजवळच्या गिऱ्हाइकाचा खरेदीवाला सकाळपासून दोनदा फोन करून बसला होता, की मंगळवारी माल नाही आला तर लाइन थांबेल.

मेस्त्रींनी पोराला पिटाळलं, "ताईस्नी बोलीव."

ताई म्हणजे आमच्या मालकीणबाई. त्यांच्या आजोबांनी 1960च्या दशकात शिवाजी उद्यमनगरात पत्र्याच्या शेडखाली ही फाउंड्री सुरू केली. तेव्हाच्या कोल्हापुरात इंजिनाचे आणि उसाच्या चरकाचे भाग ओतणं हाच मोठा धंदा होता. नदीकाठी पाणी उपसायला तेलाची इंजिनं, गुऱ्हाळावर चरक, आणि त्यांचं सगळं ओतकाम इथलंच. ताईंचे वडील पॅटर्न, म्हणजे साच्यात आकार उठवायचे नमुने, करायचे, सागवानात. ताई लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून शिकल्या. लोखंड गार होताना मीटरमागं साधारण 10 मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्नची पट्टी तेवढी मोठी असते. ही संकोचपट्टी आजही त्यांच्या टेबलावर असते आणि त्या ती वापरतात.

त्या आल्या, तुकडा उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "आणखी एक पाडा. एकावरनं ठरवायचं नाही."

दुसराही 9.

"लॅडलमध्ये सिलिकॉन वाढवून बघा."

वाढवला; सिलिकॉन कार्बनला ग्रॅफाइट व्हायला मदत करतो. तरी 8.

"सिलिकॉननं उतरत नाही म्हणजे कार्बनचं दुखणं नाही हे," मेस्त्री म्हणाले. "काहीतरी भलतं गेलंय आत."

ताईंनी बॉक्सच्या ओळीकडे एकदा बघितलं. "ही हीट पिगांत ओता. बॉक्स राहू देत."

पोरांच्या तोंडचं पाणी पळालं. हीट म्हणजे भट्टीचा एक घाणा. दोन तास वीज खाऊन तयार झालेलं अर्धा टन लोखंड जमिनीवरच्या पन्हाळीत पिग (साध्या लाद्या) करायला ओतायचं, म्हणजे तेवढं काम वाया. पण कुणी काही बोललं नाही. मेस्त्रींनी भट्टी वाकवली आणि रस पिगांच्या साच्यात उतरायला लागला. मला तिथं उभं राहवेना. एव्हाना मला कळलं होतं, की ताईंचा पुढचा प्रश्न काय असणार.

"शुक्रवारपासनं वेज किती येतोय?" त्यांनी मला विचारलं.

वही माझ्याकडेच होती. मेल्टिंगचा सुपरवायझर मी. डिप्लोमा करून तिसरं वर्ष चालू होतं. वहीत प्रत्येक हीटसमोर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: 4, 4, 4, 4. शुक्रवारी दुपारच्या 4 हीट आणि शनिवारच्या 6. त्या दहांपैकी एकही वेज मी फोडलेला नव्हता.

का, ते सांगतो, सबब म्हणून नव्हे. त्या आठवड्यात मेस्त्री दोन दिवस पुतणीच्या लग्नाला गावी गेले होते. वेज पाडायचा, थिजू द्यायचा, पाण्यात बुडवायचा, फोडायचा, मोजायचा, यात प्रत्येक हीटला काही मिनिटं जातात आणि तेवढा वेळ रस भट्टीत तापत राहतो. शुक्रवारी सकाळचं सँपल लॅबमधून चांगलं आलं होतं. महिनोन् महिने वेज 4च येत होता. मला वाटलं, आजही 4च असणार. पहिल्या वेळी 4 लिहिताना हात अडखळला होता. दुसऱ्या वेळी अडखळला नाही.

ताईंना मी म्हणालो, "फोडले नाहीत."

"एकही?"

"एकही नाही."

आजूबाजूला सहा-सात जण होते. त्या ओरडतील असं मला वाटलं होतं, आणि ओरडल्या असत्या तर मला ते सोपं गेलं असतं. त्यांनी वही मिटून काखेत घेतली. "बरं झालं आत्ता सांगितलंस. आता शुक्रवारचा माल कुठं आहे ते सांग."

शुक्रवार दुपारच्या 4 हीटची 112 हाउसिंग फेटलिंग, म्हणजे साफसफाई, होऊन शनिवारी रात्रीच ट्रकनं पुण्याला गेली होती. शनिवारचा माल अजून यार्डात होता.

ताईंनी तिथंच, भट्टीसमोर उभं राहून गिऱ्हाइकाच्या क्वालिटीच्या साहेबांना फोन लावला. आतल्या केबिनमध्ये गेल्या नाहीत. त्यांची वाक्यं मला आजही पाठ आहेत. "आज सकाळी तुमच्याकडं उतरलेला माल मशीनवर चढवू नका. शुक्रवारच्या 4 हीट आम्ही न तपासता पाठवल्यात. चूक आमची आहे. उद्या आमची माणसं येऊन माल वेगळा काढतील." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. ताई नुसतं "हो" म्हणत होत्या. भट्टीत टाकायचं भंगार देणाऱ्या स्क्रॅपवाल्याचं नाव त्यांनी काढलं नाही, माझंही नाही.

स्क्रॅपचा उलगडा दुपारी झाला. शुक्रवारी दुपारी आम्ही नव्या व्यापाऱ्याकडून आलेले पत्र्याचे गठ्ठे फोडले होते, किलोला 2 रुपयांनी स्वस्त. मेस्त्रींनी एक गठ्ठा पहारीनं उकलला. आत चकचकीत पट्ट्या होत्या. मी लोहचुंबक लावला, चिकटला. "चुंबकाला चिकटतंय म्हणजे साधंच पोलाद की," मी म्हणालो. मेस्त्रींनी मान हलवली. स्टेनलेसची एक जात अशी असते, की तिच्यात क्रोमियम भरपूर असतं पण निकेल जवळपास नसतं. ती चुंबकाला चिकटते. क्रोमियम कार्बनला ग्रॅफाइट होऊ देत नाही, कार्बाइडमध्ये धरून ठेवतं. मंगळवारी लॅबचा आकडा आला 0.6 टक्के. आमच्याकडे एरवी ते 0.1च्या आत असतं.

त्याहून वाईट गोष्ट निराळीच होती. क्रोमियम स्लॅगबरोबर, म्हणजे रसावरच्या मळीबरोबर, निघून जात नाही. दर हीटचे रनर आणि रायझर, म्हणजे कास्टिंगला चिकटून राहिलेलं जादा लोखंड, तोडून आम्ही ते पुढच्या चार्जमध्ये (भट्टीत भरायच्या मालात) टाकतो; त्यालाच रिटर्न म्हणतात. शुक्रवारी आत गेलेलं क्रोमियम शनिवारी आमच्याच रिटर्नमधून परत भट्टीत आलं, वर नव्या गठ्ठ्यांची भर. म्हणून रविवारी 9. शुक्रवारचा पहिला वेज फोडला असता तर कदाचित 6 दिसला असता आणि गोष्ट तिथंच थांबली असती.

संध्याकाळी यार्डात रिटर्न वेगळे करताना मेस्त्रींनी एक गोष्ट सांगितली, जी इथं फाउंड्रीतल्या जुन्या माणसांना माहीत असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला, लोखंडी नांगर ओतायला. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. मेस्त्री म्हणाले, "तोफेचं लोखंड कुणी बघिटलंवतं आदी? पर नांगराचा फाळ शेतात मोडला असता तर लोकांनी लोखंडी नांगराचं नाव टाकलं असतं. कुणीतरी तुकडा फोडून बघिटलाच असंल." तेव्हा नेमकं काय केलं असेल ते ठाऊक नाही, पण त्यांचं म्हणणं मला आत लागलं.

सोमवारी सुट्टी. पहाटे 4 वाजता मेस्त्री आणि मी जीपनं निघालो. बरोबर सहा कानशी. दर हीटला साच्यात नंबराची छोटी पट्टी दाबायची हा ताईंच्या वडिलांचा नियम. नंबर बदलायचं विसरलं तर मोल्डरला बोलणी बसायची, म्हणून सगळे त्याला कंटाळायचे. त्या नंबरांमुळे 160 नगांच्या ढिगातून आमचे 112 तासाभरात वेगळे झाले. मग प्रत्येकाच्या पातळ कडेवर कानस मारून बघितली. चांगल्या लोखंडावर कानस खाते आणि काळपट कीस पडतो. कडक असेल तिथं ती नुसती घसरते, किंचाळल्यासारखा आवाज येतो. दुपारपर्यंत 43 नग किंचाळले. उरलेल्यांवर कानस चालत होती. क्वालिटीचे साहेब म्हणाले, ते ठेवून घेऊ, आमची लाइन अडलीय. मेस्त्रींनी ताईंना फोन लावला. ताई म्हणाल्या, सगळे 112 परत आणा.

गिऱ्हाईक खूश झालं, असं काही घडलं नाही. लाइन दीड दिवस थांबली. त्याची डेबिट नोट आली आणि ताईंनी वाद न घालता ती भरली. पुढच्या तीन महिन्यांची ऑर्डरही कमी झाली. नंतर ती परत वाढली, पण ती कशामुळे, ते मला सांगता येणार नाही.

नासलेल्या रिटर्नवर आम्ही पिवळा रंग मारला आणि कोपऱ्यात वेगळा ढीग केला. काउंटरवेटच्या (तोल साधायला लावायच्या वजनाच्या) कास्टिंगला कडक कडा चालतात, त्या चार्जमध्ये थोडं थोडं घालत तो ढीग संपवायला सात महिने लागले. रोज भट्टीवर जाताना तो दिसायचा.

मंगळवारी ताईंनी मला केबिनमध्ये बोलावून वही पुढं ठेवली. मी नोकरी सोडायची चिठ्ठी खिशात घेऊन गेलो होतो. त्यांनी पेन दिलं. "पान फाडायचं नाही. खाडाखोड करायची नाही. प्रत्येक 4वर एक रेघ मार, शेजारी 'फोडला नाही' लिही आणि सही कर." दहा वेळा लिहिलं. शेवटच्या सहीला अक्षर फार वाकडं आलं. त्यांनी वही घेतली आणि म्हणाल्या, "जा, मेस्त्री थांबलेत. पहिली हीट तयार आहे."

मार्चमध्ये त्याच गिऱ्हाइकाचे ऑडिटर आले. वह्या चाळताना त्या पानावर थांबले. दहा ओळी, दहा रेघा, दहा सह्या. त्यांनी ताईंकडे बघितलं.

ताई म्हणाल्या, "सही त्याची आहे. त्यालाच विचारा."

मी खुर्ची ओढून बसलो आणि शुक्रवार दुपारपासून सांगायला सुरुवात केली.