आत्याचा तानपुरा आणि मिरजेची गल्ली

मिरजेला लोक दोनच कारणांनी येतात, गाडी बदलायला नाहीतर डॉक्टरला दाखवायला. गाडीचं म्हणाल तर एके काळी नॅरो, मीटर आणि ब्रॉड असे तिन्ही गेजचे रूळ या एकाच स्टेशनात होते, आणि दवाखान्याचं म्हणाल तर डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून अख्ख्या दक्षिण महाराष्ट्राचे आणि कर्नाटकातले पेशंट इथे येतायत. मी मिरजेचीच. दहावीपर्यंत सतारमेकरांच्या गल्लीवरून सायकल मारत क्लासला जायचे आणि खरं सांगते, एकदाही आत वळले नाही. दुकानांबाहेर भोपळे टांगलेले दिसायचे, तेवढंच.

वळले ती आता पन्नाशीला आल्यावर, तेही आत्यामुळे.

आत्या लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा माहेरून तिच्याबरोबर तानपुरा गेला. आता ती अठ्ठ्याहत्तरची आहे, गुडघे गेलेत, आवाज मात्र शाबूत. गेल्या वर्षी तानपुरा दुरुस्तीला आणायचा म्हणून बसच्या डिकीत ठेवला, कंडक्टर म्हणाला काही होत नाही हो, आणि त्यावर कुणाचीतरी कांद्याची गोणी आली. भोपळ्याला वीतभर तडा. आत्याला फोनवर सांगितलं तेव्हा ती काहीच बोलली नाही, त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "मिरजेलाच ने, दुसरीकडे कुठे नको. आणि जवारी खुली ठेवायला सांग, बंद आवाज मला आवडत नाही."

जवारी म्हणजे तारांना झंकार यावा म्हणून घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासून जुळवणं, हे मला गायनाच्या घरात वाढूनही माहीत नव्हतं. मला वाटायचं तारा लावल्या की झालं.

दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. वरून भोपळे लोंबतायत, कोपऱ्यात तुणाच्या लाकडाच्या फळ्या, खाली सगळीकडे भुसा. दुकानातल्या कारागीर चाचांनी तानपुरा मांडीवर आडवा घेतला आणि आधी तडा बघितलाच नाही, टिचकी मारली. "आवाज हाय अजून. बसा की ताई, उभ्या का?" भोपळ्याचं त्यांच्याकडून कळलं ते असं की हा खायचा नव्हे, कडू असतो, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे शेतकरी खास लावतात. वाळून खडखडीत झाला की कापायच्या आधी परत पाण्यात भिजवायचा, मऊ झाला की कापून बिया काढून आतून आधार देऊन आकार धरायचा, मग पुन्हा वाळवायचा. पुरुषांच्या तानपुऱ्याला घेर चांगला चार-साडेचार फूट लागतो, असा भोपळा हजारात किती निघत असतील कोण जाणे. मी विचारलं, आमच्या भोपळ्याचं वय किती? चाचा म्हणाले, "तुमच्यापेक्षा जास्त." पुढे काही विचारायची सोय राहिली नाही.

ही माणसं मुळात शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. इंग्रजांचं राज्य आलं आणि तलवारींचं काम आटलं, मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यातल्या फरीदसाहेब आणि त्यांच्या भावाने वाद्यं दुरुस्त करायला घेतली आणि दुरुस्त करता करता बनवायलाच शिकले. ज्या हातांनी तलवार घासली त्याच हातांनी घोडी घासली, हे मला फार आवडलं. घराण्याचं आडनावच पुढे सतारमेकर झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅगही मिळाला, म्हणजे अमुक गावचीच खासियत म्हणून सरकारी शिक्का. आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलं, सगळ्यांनी टाळ्या टाकल्या, मीही टाकल्या. गल्लीत गेलं मात्र कुणी नव्हतं.

किराणा घराण्याचे मोठे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहायचे. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनवरच ते गेले आणि त्यांना आणलं इथे, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. उरुसाला तिथे अजून गाणं होतं. आत्या लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून ऐकायची म्हणते, म्हणजे ऐकायची की झोपायची ते सोडा.

तडा बुजवायला चार दिवस लागले. पण मी खास थांबले ती जवारीला. चाचांनी तारा सैल करून बाजूला सारल्या, घोडीवर बारीक कानस फिरवली, एवढीशी, जेमतेम एक-दोनदा, मग फुंकर मारली, तारा परत चढवल्या, छेडलं, तोंड वाकडं केलं, परत तारा सैल. असं किती वेळा ते मोजायचं मी सोडून दिलं. घोडी सपाट दिसते पण सपाट नसते, तिला अगदी किंचित उतार असतो आणि तार तिथे टेकते न टेकते अशी राहिली पाहिजे, त्यातूनच तो झंकार निघतो. मग सुती दोऱ्याचा एक तुकडा तारेखाली सरकवला. केसभर इकडे, केसभर तिकडे. आणि एका जागी आल्यावर, काय सांगू, मघापर्यंत तार नुसती वाजत होती ती एकदम बोलायला लागली. खोलीतल्या टांगलेल्या भोपळ्यांनाही ऐकू गेलं असेल असं वाटलं. फोनमधलं तानपुऱ्याचं अॅप मी सकाळी चालता चालता लावते, बिचारं सुरात असतं, पण असं नाही.

पैसे विचारले तर एवढे कमी सांगितले की मलाच लाज वाटली. वरती थोडे दिले, त्यांनी आत्यासाठी म्हणून चार दोऱ्याचे तुकडे कागदात बांधून दिले.

तिथूनच आत्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला, चाचांनी चारी तारा छेडल्या. पलीकडे बराच वेळ शांत. मला वाटलं रेंज गेली.

"आत्या, ऐकू येतंय का?"

"येतंय. खर्ज छान झालाय." मग थोडं थांबून, "दुसऱ्या जोडाच्या तारेचा दोरा जरा मागे घ्यायला सांग त्यांना. नाकात बोलतोय."

चाचांनी माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवला. दोरा मागे घेतला. बरोबर होती ती.