सेल भरलेले, तरी दिवा लुकलुकतो

डोक्याला बांधायचा एक एलईडी दिवा दुरुस्तीला आला. तक्रार अशी, की सेल चार्ज करून लावले की सुरुवातीला छान चालतो, थोड्या वेळाने लुकलुकायला लागतो. सेल तपासले तर त्यांत भरपूर चार्ज शिल्लक.

आत दोन एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड, पुन्हा चार्ज होणारे) सेल, म्हणजे २.४ व्होल्ट. पांढऱ्या एलईडीला लागतात साधारण ३.१, म्हणून मध्ये एमटी३६०८ ही बूस्ट, म्हणजे व्होल्टेज वाढवणारी चिप. एलईडीच्या निगेटिव्ह टोकापासून ग्राउंडला २ ओहमचा रेझिस्टर, आणि त्यावरचं व्होल्टेज चिपच्या फीडबॅक पिनला, जिच्यावरून चिप आउटपुट कमी-जास्त करते. तिथे ०.६ व्होल्ट राखायचे म्हणून चिप करंट ३०० मिलीअँपिअरवर धरून ठेवते. हा भाग चोख होता. बेंच सप्लायमधून थेट २.४ व्होल्ट दिल्यावर उजेड स्थिर.

मग सेलपासून चिपपर्यंतची वाट तपासायला चिप काढून तिच्या जागी ४.७ ओहमचा रेझिस्टर जोडला. सेलच्या टोकांवर २.४० व्होल्ट, रेझिस्टरवर २.०९. म्हणजे ०.४४ अँपिअरला ०.३१ व्होल्ट वाटेतच गेले. गंजलेल्या स्प्रिंगा, सरकता स्विच आणि बारीक वायर मिळून ०.७ ओहम!

साध्या टॉर्चमध्ये एवढ्याने उजेड जरा कमी होतो, बस. बूस्टला मात्र ठरलेले वॉट हवेतच, इथे तोट्यासकट सुमारे १.३. व्होल्टेज पडलं की ती जास्त करंट ओढते, मग वाटेत आणखी व्होल्टेज पडतं. सेल २.६ व्होल्टला असताना चिपपाशी २.१८ उरतात. २.४ ला गणित १.९३ वर येतं, आणि २ व्होल्टच्या आसपास चिप स्वतःला बंद करते. भार सुटला की व्होल्टेज वर येतं, चिप पुन्हा सुरू होते. लुकलुक ती हीच.

स्प्रिंगांमधून तांब्याची जाड वायर सोल्डर केली, पट्ट्या घासल्या, चिपला लागून इनपुटवर २२ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर बसवला. स्विच मुख्य वाटेतून काढून इनेबल पिनवर (चिप चालू-बंद करणारी पिन) नेला, त्या पिनपासून ग्राउंडला १०० किलोओहम. वाटेचा रोध ०.१५ ओहमवर आला आणि चिपला २.३ व्होल्ट मिळू लागले. लिथियम-आयन सेलवर मात्र स्विच असा हलवू नका. बूस्ट बंद असली तरी कॉइल आणि डायोडमधून सेलचं व्होल्टेज एलईडीपर्यंत जातंच, आणि ४.२ व्होल्टला एलईडी पेटलेलाच राहतो.

एलईडीची वायर सुटली तर फीडबॅक शून्यावर येतो आणि चिप आउटपुट वाढवतच जाते. म्हणून आउटपुट ते फीडबॅक ५.१ व्होल्टचा झेनर (तेवढ्या व्होल्टेजला उलट्या दिशेने करंट सोडणारा डायोड), आणि फीडबॅक व २ ओहमच्या मध्ये १ किलोओहम टाकला. आता आउटपुट ५.७ च्या आसपास थांबतं. तरी वायर परत जोडताना आधी स्विच बंद करून आउटपुटचा कपॅसिटर रिकामा होऊ द्यावा, नाहीतर साठलेला चार्ज एकदम एलईडीत घुसतो.