अचानक आडवं आलं म्हणे

परवा रात्री जंगलातून येताना रस्त्यात उदमांजर पडलेलं दिसलं. गाडी कडेला घेतली, पार्किंग लाइट लावले आणि उतरलो, अंग अजून गरम होतं म्हणजे आमच्या जरा आधीच कुणाच्या तरी गाडीखाली आलेलं. मादी होती, दूध पाजणारी. जवळच कुठल्यातरी ढोलीत पिल्लं असणार आणि ती काही आपल्याला सापडणार नाहीत. तिला उचलून आत झुडपात नेऊन ठेवलं, कारण रस्त्यावर मढं राहिलं की ते खायला दुसरं जनावर येतं आणि तेही चिरडतं.

लोक म्हणतात अचानक आडवं आलं. अहो ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, ब्रेकवर पाय पडेपर्यंतच ३० मीटर गेलेले असतात आणि थांबायला वर अजून तेवढेच लागतात, लो बीमवर तेवढं लांबचं नीट दिसतच नाही. ४० ला हेच सगळं २५-३० मीटरात आटपतं. जनावर वाचतं की मरतं ते बहुतेक वेळा इथेच ठरतं.

आणि ते पळत का नाही? रात्री फिरणाऱ्यांचे डोळे अंधारासाठी असतात, हेडलाइट तोंडावर आला की त्यांना काही सुधरत नाही, जागीच थिजतात. खवले मांजर तर घाबरलं की अंगाची गुंडाळी करून बसतं, बिबट्याचे दात त्या खवल्यांपुढे हरतात पण टायरपुढे काय करणार ते. मलेशियातला टॅपिर, म्हणजे डुकरासारखा दिसणारा छोट्या सोंडेचा प्राणी, पुढे काळा, मागे पांढरा, पाय काळे, रात्रीच्या जंगलात लपायला उत्तम रंग, म्हणून ड्रायव्हरलाही दिसत नाही. त्याची मादी तब्बल १३ महिने गाभण राहते आणि पिल्लू एकच देते, मग वर्षाला थोडे जरी रस्त्यावर मेले तरी भरून कसे निघणार? मला सगळ्यात जास्त हेच लागतं.

उपाय आहेत. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलातला हायवे २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. पेंचजवळ हायवे ९ ठिकाणी उचलून घेतलाय, एक मोकळी जागा तर ७५० मीटर लांब आहे, खालून वाघ जाताना कॅमेऱ्यात आलेत. ब्राझीलमध्ये सोनेरी टॅमरिन माकडांसाठी २०२० मध्ये हायवेवरून झाडं लावलेला पूल झाला, कारण रुंद रस्ता झाला की फांद्यांवरून पलीकडे जाणं बंदच होतं. नुसत्या पाट्यांवर माझा विश्वास नाही, रोज जाणाऱ्याला पाटी दिसायचीच बंद होते. स्पीडब्रेकर टाका, लागोपाठ टाका.

मी तिला उचलत होतो तेवढ्यात तीन गाड्या गेल्या, पार्किंग लाइट चालू, रस्त्यात माणूस वाकलेला, तरी एकानेही स्पीड कमी केला नाही. तिसऱ्याने हॉर्न मारला.