पाळीची गोळी आणि पित्ताशयातले खडे: माझा अनुभव

नाशिकमध्ये पोट दुखलं की पहिला आळ मिसळीवर येतो. माझंही दुखणं तर्रीनंतरच उठायचं, त्यामुळे घरच्यांनी ‘पित्त झालंय’ असं ठरवून टाकलं. पण ॲसिडिटीची जळजळ अँटासिडने बहुधा उतरते. पित्ताशयाची कळ उजव्या बरगडीखाली किंवा बेंबीच्या वर उठते, पाठीत उजव्या खांद्यापर्यंत जाते, अर्धा तास ते काही तास टिकते आणि कूस बदलून कमी होत नाही. कळ गेली की पुन्हा सगळं ठणठणीत, म्हणूनच तपासणी लांबते.

सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी जायचं, दुधाचा चहाही नको. खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि बारीक खडे नजरेतून सुटतात. डॉक्टरांनी मला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, तसा पडद्यावरचा पांढरा ठिपका मागच्या काळ्या सावलीसकट घरंगळला. खडा असा हलतो. पित्ताशयाच्या भिंतीला चिकटलेला, सावली नसलेला ठिपका बहुधा पॉलिप (आतल्या अस्तरावरचा छोटा कोंब) असतो. रिपोर्टात भिंतीची जाडी (3 मिमीपर्यंत ठीक) आणि पित्तनलिकेची रुंदी (साधारण 6 मिमीपर्यंत) बघा. सोबत एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी करतात. बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलं तर खडा नलिकेत उतरल्याचा संशय, मग एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय.

‘चालू औषधं कोणती?’ या प्रश्नाला आपण थायरॉइडची, रक्तवाढीची गोळी सांगतो. पीसीओडीसाठी (बीजांडकोश आणि हार्मोन्सचा बिघाड), पाळी नियमित यावी म्हणून चालू असलेली गोळी मात्र गर्भनिरोधकच आहे हे कितीजणींच्या ध्यानातही नसतं. पीसीओडीत देतात त्या सायप्रोटेरोनच्या नेहमीच्या गोळीत 35 मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिओल (कृत्रिम इस्ट्रोजेन) असतं, माला-एन या सरकारी गर्भनिरोधक गोळीत 30. इस्ट्रोजेनमुळे पित्तात कोलेस्टेरॉल जास्त उतरतं. गोळीतल्या दुसऱ्या हार्मोनमुळे, प्रोजेस्टोजेनमुळे, पित्ताशय सुस्तावतं, पित्त साचून राहतं आणि स्फटिक धरतात. तरी गोळीनेच खडे झाले असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. वाढणारा धोका थोडा असतो. आई-मावशीला खडे, बाळंतपणं, वाढलेलं वजन, किंवा ते झपाट्याने उतरवणं, यांचाही वाटा असतोच. सरळ स्ट्रिपच डॉक्टरांपुढे ठेवावी. पित्ताशयाचा त्रास चालू असताना अशी दोन्ही हार्मोन्सची एकत्रित गोळी सहसा देत नाहीत. शिवाय तिने रक्तात गुठळी व्हायचा धोका वाढतो, म्हणून ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांनाही ती माहीत हवी. कधी थांबवायची ते त्यांना ठरवू द्या, आणि थांबवली की त्याच दिवसापासून दुसरं गर्भनिरोधक साधन वापरा.

कुळथाचा काढा सुचवणारे भेटतातच. लघवीचे खडे वेगळे, हे वेगळे. मूत्रमार्गाचा आणि पित्ताशयाचा संबंधच नाही. खडे विरघळवायचं औषध, उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, फक्त छोट्या, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालतं, महिनोन्‌महिने घ्यावं लागतं आणि सोडल्यावर खडे परत होऊ शकतात. खडे आहेत पण कळ नाही, तर बहुतेकदा नुसतं लक्ष ठेवतात. कळा येत असतील तर पित्ताशयच काढायचं. थंडी वाजून ताप, पिवळे डोळे, गडद लघवी किंवा न थांबणारी कळ असेल तर ओपीडीची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जायचं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनला साधारण चार छिद्रं पाडतात आणि पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्या वायूने छाती आणि पोटामधला श्वासपटलाचा पडदा चेतवला जातो, म्हणून नंतर कधीकधी टाक्यांपेक्षा खांदाच जास्त ठणकतो. घाबरू नये, हिंडाफिरायला लागलं की ओसरतो. खडे बाटलीत हातात मिळतात, पण काढलेलं पित्ताशय बायोप्सीला गेलं का ते आवर्जून विचारा. काही आठवडे तेलकट खाल्ल्यावर जुलाब होऊ शकतात, कारण पित्त आता साठत नाही, आतड्यात सतत झिरपत राहतं.

पुढचं गर्भनिरोधक साधन ऑपरेशनआधीच ठरवावं. कॉपर-टीत हार्मोन नसतो, पित्ताशयाशी तिचा संबंध नाही. मात्र पाळीत रक्तस्राव वाढू शकतो, तेव्हा हिमोग्लोबिन तपासून घ्या. ‘छाया’ या सरकारी गर्भनिरोधक गोळीतही इस्ट्रोजेन नाही. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची असते, पण पीसीओडी असेल किंवा नुकतीच कावीळ होऊन गेली असेल तर देत नाहीत.