प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचं नाव हवं, लोकल मशीनवरसुद्धा

परवा संध्याकाळी ऐरोलीच्या ऑफिसात टीममधली नवीन मुलगी रडकुंडीला येऊन माझ्या टेबलापाशी आली, म्हणाली ताई मी अ‍ॅडमिनला लॉगिन केलं की रहिवाशांच्या साइटवरून आपोआप लॉगआउट होतेय, सकाळपासून कोड बघतेय, काही म्हणजे काही सापडत नाहीये. तिचा कोड बरोबर होता. दोन्ही अ‍ॅप लोकलहोस्टवर, म्हणजे तिच्याच मशीनवर, एक ३००० पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनचा क्रमांकाचा दरवाजा), एक ८००० वर, आणि दोघांच्या कुकीचं, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवायला ब्राउझर साठवतो त्या छोट्या नोंदीचं, नाव सेशन. कुकी ठेवताना ब्राउझर पोर्ट बघतच नाही, फक्त होस्टचं नाव बघतो, त्याच्या लेखी दोन्ही एकच साइट, मग एक अ‍ॅप दुसऱ्याची कुकी पुसून टाकतं. पोरीचा अख्खा दिवस गेला आणि मला मनापासून वाईट वाटलं, हे तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

आमचं सॉफ्टवेअर हाउसिंग सोसायट्यांचं आहे, मेंटेनन्सची बिलं, पार्किंग, तक्रारी वगैरे. प्रत्येक सोसायटीला वेगळं सबडोमेन, म्हणजे मुख्य नावाच्या आधी लावलेलं तिचं नाव, मिळतं, म्हणजे लोकलला पण नावं लागणारच.

सगळे आधी होस्ट्स फाइलकडे (कुठलं नाव कुठल्या आयपी पत्त्यावर न्यायचं हे मशीनवरच लिहून ठेवायची फाइल) जातात आणि दोनतीन नावांसाठी ती उत्तम आहे. एक ओळ लिहायची, १२७.०.०.१ (म्हणजे आपलंच मशीन) आणि पुढे नाव, झालं. (१९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिसने डीएनएसची, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणाऱ्या यंत्रणेची, रचना मांडली त्याआधी अख्ख्या अर्पानेटची, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कची, नावं अशाच एका फाइलमध्ये असायची, ती स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत सांभाळली जायची आणि बाकीचे तिथून उतरवून घ्यायचे. मला हे फार आवडतं.) पण या फाइलमध्ये वाइल्डकार्ड चालत नाही, स्टार टाकून सगळी सबडोमेन एकदम धरता येत नाहीत. नवीन सोसायटी आली की नवीन ओळ. आणि जुन्या ओळी तशाच पडून राहतात. मागच्या पावसाळ्यात नवा सर्व्हर तपासायला मी खरं डोमेन त्याच्या आयपीवर वळवलं होतं, काम झाल्यावर ओळ काढायची राहिली, पंधरा दिवसांनी सगळ्यांना साइट नीट दिसतेय आणि माझ्याकडे एकटीकडे जुना डेटा, दोन तास गेले त्यात.

आता नावाच्या शेवटी काय लावायचं. डॉट डेव्ह नको, ते गूगलचं खरं डोमेन आहे, डिसेंबर २०१७ मध्ये क्रोम ६३ ने त्यावर एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, सक्तीचं केलं आणि किती जणांच्या लोकल साइट एका अपडेटमध्ये बंद पडल्या. डॉट लोकल पण नको, ते अ‍ॅपलचं बोंजूर वापरतं, घरातले प्रिंटर वगैरे शोधायला, मॅकवर त्यामुळे कधीकधी पान उघडायला उगाच चारपाच सेकंद लागतात. डॉट टेस्ट घ्या. १९९९ पासून ते चाचणीसाठी राखीव आहे, कुणाला विकलं जाणार नाही. डॉट लोकलहोस्टही राखीव आहे, क्रोम आणि फायरफॉक्स त्याची सबडोमेन आपणहून लोकलला नेतात, पण टर्मिनलमधून किंवा बॅकएंडमधून तेच नाव लागेलच याची खात्री नाही, म्हणून आम्ही टेस्टवरच राहिलो.

मग डीएनएसमास्क, म्हणजे आपल्याच मशीनवर चालणारा छोटा डीएनएस सर्व्हर. त्याच्या सेटिंगमध्ये एकच ओळ लिहायची, की टेस्टने संपणारं कुठलंही नाव आलं तर १२७.०.०.१ सांग. मॅकवर इटीसीमधल्या रिझॉल्व्हर फोल्डरमध्ये टेस्ट नावाची फाइल करून त्यात नेमसर्व्हर १२७.०.०.१ टाका. इथे बरेच जण अडकतात, ते डिग किंवा एनएसलुकअपने तपासतात, उत्तर येत नाही, वाटतं सेटिंग चुकलं, पण ही दोन टूल त्या फोल्डरकडे बघतच नाहीत हो! पिंग करून बघा. उबंटूवर ५३ पोर्ट सिस्टमडी रिझॉल्व्हडने, म्हणजे उबंटूच्याच नावं शोधणाऱ्या सेवेने, १२७.०.०.५३ वर आधीच अडवलेला असतो, तिथे डीएनएसमास्कला फक्त १२७.०.०.१ वर बसवायचं आणि टेस्टची नावं इकडे पाठव असं रिझॉल्व्हडला सांगायचं.

पोर्ट लपवायला पुढे कॅडी हा वेब सर्व्हर लावलाय, नाव बघून तो ज्या त्या अ‍ॅपकडे पाठवतो. एचटीटीपीएससाठी एमकेसर्ट, ते लोकल मशीनपुरतं सर्टिफिकेट बनवून देतं. फक्त सर्टिफिकेट थेट स्टार डॉट टेस्टचं काढू नका, ब्राउझर ते सहसा मानत नाहीत, मध्ये एक नाव हवं, म्हणजे स्टार डॉट सोसायटी डॉट टेस्ट.

तिच्या मशीनवर हे सगळं लावायला आम्हाला पाऊण तास लागला. अ‍ॅडमिन एका नावावर, रहिवाशांचं दुसऱ्या, कुकी आपापल्या जागी. दोन्ही टॅब शेजारी शेजारी ठेवून तिने चारपाच वेळा रिफ्रेश केलं, दोन्हीकडे लॉगिन टिकलं. मग तिने विचारलं, आता फोनवरून उघडू? ते असं नाही उघडणार, फोनसाठी १२७.०.०.१ म्हणजे तो फोन स्वतःच. त्याला लॅपटॉपचा वायफायवरचा आयपी सांगणारा डीएनएस लागतो, ते आम्ही सोमवारी लावतोय.