अपडेट: फिंगर्स क्रॉस्डला जोडी सापडली (अर्धी)

इंग्रजी वाक्प्रचारांना मराठी जोड्या शोधून मी अंकीत (पाठांतराच्या कार्डांचं ॲप) त्यांची कार्डं करतोय. मागच्या वेळी सांगितलं होतं की आता 'फिंगर्स क्रॉस्ड'ला हात घालतोय, तर तीन आठवडे त्याच एका कार्डावर अडकून होतो. अर्थ काही अवघड नाही, तर्जनीवर मधलं बोट चढवायचं आणि मनासारखं होऊ दे म्हणायचं, बोटं खरंच नाही वळवली तरी 'उद्या रिझल्ट, फिंगर्स क्रॉस्ड' एवढं टाकलं की झालं, २०१६ पासून तर इमोजीपण आहे. (पाठीमागं बोटं वळवून खोटं बोलायचं, ते वेगळं कार्ड.) घोडं अडलं मराठीत.

आधी 'देव पाण्यात घालून बसणे' लावलं होतं, तुम्हाला आवडलंही होतं. पण वापरून बघितलं तर बसेना. आमच्याकडं पाऊस लांबला की महादेवाच्या गाभाऱ्यात पाणी भरून पिंड बुडवतात, लहानपणी मीबी घागरी ओतल्यात, त्या शब्दाला लै वजन आहे. भाची बसमधे खिडकी मिळावी म्हणून फिंगर्स क्रॉस्ड म्हणते, तिथं देव कुठं बुडवता? शिवाय दुसरा पडावा म्हणूनबी लोक देव पाण्यात घालतात. मोल्सवर्थची १८५७ ची आवृत्ती काढली, माझ्या मते त्याच्या तोडीचा कोश नाही, पण तो मराठीतून इंग्रजीत जातो, म्हणजे शब्द आधी आपल्यालाच आठवायला पाहिजे.

आन परवा संध्याकाळी दादा ओसरीवर सोयाबीनची उगवण बघत होते, ओल्या गोणपाटातले शंभर दाणे, एकेक मोड बोटानं सरकवत मोजत. त्र्याहत्तर निघाले. गोणपाट झटकलं, आभाळाकडं बघितलं आन म्हणाले, "मिरगात पडला म्हंजे मिळवली."

मिळवली! मी तसाच वही आणायला पळालो. काय मिळवली, कुणी मिळवली, कुणी विचारत नाही, पण आशा आहे, धाकधूक आहे, आन देवाला मधे आणलेलं नाही. "पेपर सोपा आला म्हंजे मिळवली", "गाडी वेळेवर आली म्हंजे मिळवली", सगळीकडं बसतंय.

अडचण एकच, हे वाक्याच्या शेपटालाच येतं. कुणी 'उद्या इंटरव्ह्यू आहे' म्हणलं तर नुसतं 'मिळवली' म्हणता येत नाही. म्हणून हे 'हिअर्स होपिंग'ला दिलं, तिथं चपखल आहे. सुट्या 'फिंगर्स क्रॉस्ड'ला सध्या 'होईल बघ' लावून ठेवलंय.

आन हे टाईप करता करताच सुचलं, 'टच वूड' मी याच गठ्ठ्यात टाकलंय ते चुकलंय. ते चांगलं चाललेलं बिघडू नये म्हणून, आपलं 'दृष्ट न लागो'. फिंगर्स क्रॉस्ड व्हायच्या आधीचं. मग शब्दावार कशाला, प्रसंगावारच गठ्ठे करतो, अंकीतली चाळीस कार्डं आज रात्री परत लावायला घेतो. सुट्या उत्तराला तुमच्या गावाकडं काय म्हणतात तेवढं सांगा.