बेचिराख गावाच्या मागावर: खानापूरच्या जंगलातला माझा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली हलशी म्हणजे जुनी पलाशिका. बनवासीच्या कदंब राजांची ही दुसरी राजधानी. त्यांच्यातल्या मृगेशवर्म्याने इथे जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधल्याचं ताम्रपटात आहे, आणि आज उभं असलेलं भूवराह-नरसिंह मंदिर बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांचं. राजधानी म्हटली की तिला धान्य, लोखंड, लाकूड पुरवणारी खेडी आली, घाटाकडे जाणाऱ्या वाटा आल्या, तळी आली. त्यातलं रानाने काय काय गिळलं, हे शोधायचं काम आम्ही पाच जणांनी केलं. जागेचं नाव देत नाही. दफिना, म्हणजे पुरलेलं धन, शोधणारे नाव वाचून कुदळ घेऊन पोचतात.

सुरुवात रानात करू नका, कागदावर करा. महसुली दप्तरात 'बेचिराख' म्हणून नोंदलेली गावं असतात: गावाला नाव आहे, हद्द आहे, वस्ती नाही. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुने कागद मोडीत सापडतात. मोडी वाचणारा माणूस सोबत नसेल तर हा टप्पा अडतोच. मग शेतांची, माळांची नावं विचारत फिरायचं. 'जुनं गावठाण', 'पेठेचा माळ' ही नावं सरळ आहेत. सीमाभागात कानडी कानही हवा, कारण 'हाळूर' म्हणजे उजाड झालेलं गाव. मराठी बोलणारी माणसं ते नाव अर्थ न कळता पिढ्यान् पिढ्या वापरत असतात.

नंतर परवानगी. भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय पाय टाकता येत नाही. आमचा अर्ज एकदा परत आला, कारण नकाशावर सर्व्हे नंबर नव्हते. अर्जात तारखा, माणसांची नावं, ये-जा करायची वाट आणि 'खोदकाम नाही, काही उचलणार नाही' हे वाक्य स्पष्ट लिहा. उत्खननाला पुरातत्त्व खात्याचा वेगळा परवाना लागतो; हौशी माणसाने त्या वाटेला जाऊच नये.

काळ कोणता निवडायचा हा खरा पेच. पावसात ओढे ओलांडता येत नाहीत आणि जळवा सुचू देत नाहीत. दिवाळीनंतर गवत पुरुषभर असतं. जमीन दिसते ती जानेवारीअखेर ते मार्च, आणि माकडतापाचा हंगामही नेमका तोच. तो गोचिडीतून पसरतो. विजारीचे पाय मोज्यांत खोचायचे, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल लावायचं, पाचोळ्यावर बसायचं नाही, आणि संध्याकाळी काखा, जांघा, कानामागे एकमेकांचं अंग तपासायचं. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता जागा आरोग्य खात्याला कळवायची. रानातून आल्यावर दोनेक आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'जंगलात गेलो होतो' हे आधी सांगायचं.

अस्वलाचं भय वाघापेक्षा जास्त. ते पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरतं, म्हणून नऊच्या आधी शिरायचं नाही, चारला परत फिरायचं. चालताना बोलत राहायचं. बहुतेक वेळा अचानक समोरासमोर गाठ पडली की ते अंगावर येतं. गुहा दिसली तर आत डोकावायचा मोह आवरायचा. सापांत चापड्याला, म्हणजे झाडाझुडपांत राहणाऱ्या विषारी सापाला, जपावं लागतं. आपल्याकडची सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर चालते, चापड्याच्या विषावर नाही. तो झुडपात हाताच्या उंचीवर बसतो, म्हणून आधाराला फांदी धरण्याआधी काठीने हलवून पाहायची.

प्रत्यक्ष शोध पाण्यापासून सुरू करावा. बारमाही झरा, त्याखाली मातीचा बांध घातलेलं तळं, तळ्याच्या वरच्या अंगाला सपाटी: एवढं जुळलं तर थांबायचं. तिथे चिंच, आंबा, वड असे लावलेले वृक्ष दाटीने असतील तर वस्ती होती असं समजायला हरकत नाही. खुरचाफ्यावर मात्र काळ ठरवू नका. तो अमेरिकेतून, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे आला.

मग ओळ धरून चालायचं. पाच जण, दोघांत 10 मीटर अंतर, म्हणजे 50 मीटर रुंदीचा पट्टा. 500 मीटर लांबीचे चार पट्टे झाले की दिवस संपतो; हे झाले 10 हेक्टर. कारवीत याच्या निम्मंही होत नाही. माणशी चार लिटर पाणी लागतं. झाडीखाली जीपीएस 10-15 मीटरनी सहज चुकतं, म्हणून प्रत्येक खुणेपाशी पाच मिनिटं थांबून नोंद घ्यायची आणि जवळच्या खडकापासून टेपने अंतर मोजून वहीत लिहायचं. उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या उंचीच्या नकाशात एक ठिपका 30 मीटरचा असतो. त्यात गुडघाभर भिंत दिसत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो खोट्या खुणांत. जांभ्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात आणि पाऊस त्या धुऊन काढतो, की फरसबंदी असल्यासारखीच वाटते. खरी की खोटी हे सांध्यावरून कळतं: घडवलेल्या दगडाच्या कडेला टाकीचे घाव असतात आणि सांधे एकाआड एक येतात, भेग खालपर्यंत सरळ जाते. धनगर-गवळ्यांनी सोडलेल्या घरांची जोती शंभर वर्षांतच हजार वर्षांची दिसू लागतात. कोळशाच्या भट्टीचा गोल, कुमरी शेतीचे (रान तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीचे) बांध, वनखात्याच्या हद्दीच्या दगडी बुर्ज्या हे सगळं आम्ही आधी 'सापडलं' म्हणून लिहिलं आणि नंतर खोडलं. गावातला म्हातारा गवळी सोबत असता तर पहिले तीन दिवस वाचले असते. त्याला पहिल्याच दिवशी न्या.

भरवशाच्या खुणा कमी आहेत. लोखंडाची कीट, म्हणजे लोखंड गाळताना उरलेला मळ, जड आणि बुडबुड्यांची. विटेचा तुकडा: सातवाहनकाळची वीट आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांब असते. तशा काळचं नगर बेळगावच्या वडगाव-माधवपूरला उत्खननात मिळालं, आणि ते जंगलात नव्हतं, शेतांखाली होतं. खापरांसाठी सुतळीने एक मीटरची चौकट आखायची, खापरं मोजायची, काठाचे तुकडे पट्टी ठेवून फोटोत टिपायचे आणि जागच्या जागी सोडायचे. खिशात घातलेलं खापर निव्वळ मातीचा तुकडा उरतं. ते कुठे, कशाशेजारी होतं यातच त्याची सगळी किंमत.

वीरगळ मिळाला तर खालच्या चौकटीपासून वाचायचा: लढाई, मग अप्सरा, वर शिवपूजा. झिजलेली अक्षरं असतील तर खडू, चुना, पीठ काही फासू नका. अंधार पडेपर्यंत रानात थांबायचं नाही, म्हणून दोघांनी काळं कापड वर धरायचं आणि बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने उजेड टाकायचा. अक्षरं सावलीत उठून दिसतात. चारही बाजूंनी असे फोटो घ्या. हळेकन्नड, म्हणजे जुनी कानडी, वाचणाऱ्याला एका फोटोवरून काही सांगता येत नाही. दगड पुजेतला असेल तर आधी पुजाऱ्याला विचारायचं, चपला काढायच्या, आणि तेलाचा थर खरवडायचा नाही.

नोंदींची एक प्रत पुरातत्त्व खात्याला, एक वनखात्याला द्यायची. पुढच्या जानेवारीत त्याच खडकावर उभं राहून तेच फोटो पुन्हा घ्यायचे, आणि नवा खड्डा दिसला तर त्याच दिवशी कळवायचं.